ऑनलाइन साइटवर फ्रीलान्स काम : ऑर्डरी येतात, मग आटतात. टिकवायच्या कशा?

रेखांकिता

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. सांभाळून घ्या.

मी डिप्लोमा सिव्हिल, कऱ्हाडची. लग्नाआधी पुण्यात एका आर्किटेक्टकडे ड्राफ्टिंग करायचे. मुलगी झाल्यावर नोकरी सुटली. आता फायव्हर या फ्रीलान्स कामाच्या साइटवर ऑटोकॅडची (संगणकावर नकाशे काढायच्या सॉफ्टवेअरची) कामं घेते. पीडीएफ, स्कॅन, कधी वहीच्या पानावर हाताने काढलेलं स्केच येतं, त्याची मापं घेऊन डीडब्ल्यूजी, म्हणजे ऑटोकॅडची फाइल, करून द्यायची. गिऱ्हाईक बहुतेक अमेरिकेतलं, थोडं ऑस्ट्रेलियातलं.

सुरुवात छान झाली. रेटिंगही चांगलं आहे, कुणाची तक्रार नाही. पण दिवाळीनंतर जो शुकशुकाट झाला तो अजून आहे. मधूनच एखादा आठवडा असा येतो की रात्री दोनपर्यंत जागावं लागतं, आणि मग पुन्हा पंधरा-पंधरा दिवस कुणी ढुंकून बघत नाही. यूट्यूबवरचे दादा सांगतात ते सगळं करून झालं. ॲप दिवसभर चालू ठेवलं, गिगचं (साइटवरच्या आपल्या कामाच्या जाहिरातीचं) शीर्षक बदललं, टॅग बदलले, भावाकडून नवं चित्र करून घेतलं.

प्रश्न सरळ आहे. महिन्याला अमुक इतकं येणारच, असं तुमच्यापैकी कुणाचं बसलंय का? आणि बसलं असेल तर ते साइटमुळे, की साइट असूनही?

चहाबाज

शेवटच्या वाक्याला टाळ्या. उत्तर माहीत नाही, पण खुर्ची ओढून बसलोय.

बारा_डबा

मी वर्डप्रेसवाला, बदलापूर. ताई, सोपं आहे. भाव पाडा. पहिल्या पानावर जे आहेत त्यांच्यापेक्षा दोन डॉलर कमी ठेवा, आठवडाभरात गिग वर येते. दुसरं म्हणजे व्हॉट्सॲपवर ग्रुप असतात, तिथे आपण एकमेकांना छोट्या ऑर्डरी देऊन रिव्ह्यू देतो. सगळेच करतात. तिसरं, रात्री जागे राहा. गोऱ्याचा मेसेज आला की पाच मिनिटांत उत्तर गेलं पाहिजे.

सरळसोट

बारा_डबा, तिसरा मुद्दा थोडा मान्य. पहिले दोन तिला खड्ड्यात घालतील.

रिव्ह्यूची देवाणघेवाण कुठल्याच साइटच्या नियमात बसत नाही. पकडली गेली की खातं जातं, आणि खात्यात अडकलेले पैसेही लटकतात. 'सगळेच करतात' म्हणणाऱ्यांतले किती जण तिसऱ्या खात्यावर आहेत ते विचारा एकदा.

आता भाव. फायव्हर विक्रेत्याकडून सरसकट २० टक्के कापतं. १० डॉलरच्या कामाचे ८ उरले. ते लगेच मिळत नाहीत, नव्या विक्रेत्याचे पैसे काम पूर्ण झाल्यावर १४ दिवस थांबतात. मग पेओनियरवरून (परदेशातले पैसे इकडे आणणारी सेवा) बँकेत येताना डॉलरचे रुपये करण्यात आणखी थोडे गेले. हातात साधारण सातशे-साडेसातशे रुपयांच्या आसपास काहीतरी पडणार म्हणू. दोन मजली घराचा प्लॅन, त्यात दोनदा दुरुस्ती, धरा पाच तास. ताई, पुण्यातल्या तुमच्या जुन्या पगाराला तासांनी भागून बघा.

आणि स्वस्तात आलेलं गिऱ्हाईक स्वस्ताईसाठीच आलेलं असतं. उद्या तुमच्याखाली एक डॉलर लावणारा आला की ते त्याच्याकडे.

बारा_डबा

साहेब, भाव वाढवून बसायला आधी कुणीतरी दारात यायला हवं ना. तुम्ही जुने आहात, तुम्हाला काय.

शिळोप्या

अप्रिय बोलतो, पण बोलतो. हा सगळा प्रकार सकाळी नाक्यावर उभं राहणाऱ्या मजुरांसारखा आहे. मुकादम येतो, बोट दाखवतो, बाकीचे उद्या. फरक इतकाच की इथे नाक्यावर बांगलादेश, पाकिस्तान, फिलिपिन्स सगळे उभे आहेत आणि मुकादम म्हणजे अल्गोरिदम. यात नियमित उत्पन्न कसलं शोधताय? डिप्लोमा आहे, कऱ्हाड-सातारा भागात स्ट्रक्चरलवाले आहेत, बिल्डर आहेत. स्थानिक काम धरा.

रेखांकिता

शिळोप्या, स्थानिक काम केलंय. नगरपालिकेत दाखल करायचा प्लॅन काढून घेतात आणि पैसे 'पुढच्या स्लॅबला'. एका साहेबांचा पुढचा स्लॅब अजून पडायचाय. इथे निदान काम सुरू व्हायच्या आधी पैसे साइटकडे जमा असतात, हे मला फार मोठं वाटतं.

सरळसोट, भाग करून बघितला. पाणी प्यायले आणि भाव वाढवला. :)

चहाबाज

'पुढच्या स्लॅबला' हे ज्यांनी भोगलंय त्यांनी हात वर करा. माझे दोन्ही वर.

अक्षरजुळारी

मूळ प्रश्नाला माझं उत्तर: हो, बसलंय. पण ज्या दारातून आत गेलो त्या दारात उभं राहून नाही.

मी डीटीपीवाला. पूर्वी आप्पा बळवंत चौकाच्या आसपास पुस्तकं लावायचो. ते काम रोडावलं तेव्हा या साइटवर आलो आणि 'ग्राफिक डिझाइन, लोगो, फ्लायर, बिझनेस कार्ड' असं सगळं टाकलं. एक कुत्रं फिरकलं नाही. जगात लोगो करणारे लाखो.

मग एकदा युरोपातल्या एका भाषांतर एजन्सीची छोटी ऑर्डर आली. औषधाच्या चाचणीत भाग घेणाऱ्या रुग्णांसाठीचं संमतिपत्र होतं, मराठी भाषांतर तयार, फक्त इनडिझाइनमध्ये, म्हणजे पानं लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये, भरायचं होतं. त्यांच्या माणसाने ते आधीच भरलं होतं आणि पाहून हसावं की रडावं कळेना. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे, रफार भलत्याच अक्षरावर, जोडाक्षरं पाय मोडून पडलेली. त्या बिचाऱ्याला लिपी येत नाही, त्याला ते सगळं सारखंच सुंदर दिसत होतं. उपाय फार मोठा नाही. परिच्छेदाचा कंपोझर (अक्षरं-ओळी जुळवणारी सेटिंग) बदलून 'वर्ल्ड-रेडी' करायचा, युनिकोड फाँट नीट निवडायचा, आणि मग डोळ्यांनी प्रत्येक ओळ वाचायची. ही शेवटची गोष्ट त्यांच्याकडे कुणीच करू शकत नव्हतं.

त्या दिवशी गिगमधून लोगो, फ्लायर सगळं काढून टाकलं. एकच ठेवलं: देवनागरी मजकूर इनडिझाइन-इलस्ट्रेटरमध्ये लावून देणे आणि तपासून देणे. शोधणारे कमी झाले, पण जो शोधतो त्याला मीच हवा असतो. आता काम चार-पाच एजन्सींकडून येतं. त्यांतल्या दोन साइटवरच्या, बाकीच्या भाषांतरकारांच्या वेगळ्या संकेतस्थळावरून जोडल्या गेल्या. रडायचंच असेल तर त्यासाठीही जागा आहे: एजन्सी पैसे ४५ ते ६० दिवसांनी देतात.

रेखांकिता, 'ऑटोकॅड ड्रॉइंग करून मिळेल' ही पाटी माझ्या 'लोगो करून मिळेल'सारखीच आहे. तुमच्या आलेल्या ऑर्डरींत काय पुन्हा पुन्हा आलं ते बघा.

मंद्रसप्तक

अक्षरजुळारींचं पटतं, पण कोपरा धरला की भागलं असं नाही हो. मी मराठी-हिंदी व्हॉइसओव्हर करते. माझा कोपरा छान होता. मोबाइल ॲपचे प्रशिक्षणाचे व्हिडिओ, कॉल लावल्यावर ऐकू येणारं 'मराठीसाठी दोन दाबा' वगैरे. गेल्या दोन वर्षांत त्यातलं निम्म्याहून जास्त काम यंत्राच्या आवाजाने खाल्लं. कोपरा तसाच आहे, त्यात आता मशीन उभं आहे.

जे उरलंय ते वेगळं. नाट्यमय वाचन, जाहिरात, लहान मुलांच्या गोष्टी. आणि चक्क यंत्राने वाचलेलं मराठी ऐकून त्यातल्या चुका काढून द्यायचं काम. त्याचे पैसे बरे मिळतात. पण 'नियमित' हा शब्द मी वापरणार नाही.

शिळोप्या

तेच म्हणतोय मी वरती.

मंद्रसप्तक

शिळोप्या, तुम्ही म्हणता तेच नाही. तुम्ही म्हणता करू नका. मी म्हणते करा, पण एकाच प्रकारच्या कामावर घराचा हप्ता बांधू नका.

जर्सीकर

मी काउंटरच्या पलीकडचा आहे, म्हणून लिहितो. न्यू जर्सीत एका किचन-बाथरूम रिमॉडेलिंगच्या छोट्या कंपनीत एस्टिमेटिंग बघतो. आमच्याकडे पूर्ण वेळ ड्राफ्ट्समन ठेवण्याइतकं काम नाही, त्यामुळे ड्रॉइंगं अशाच साइटवरून करून घेतो. म्हणजे रेखांकिता ज्यांची वाट बघतेय त्यांपैकी मी एक.

मी शोधतो कसा ते सांगतो. पहिल्या पानावरच्या तीन-चार जणांना तोच मेसेज टाकतो, सोबत स्केच. उत्तरं येतात ती अशी: 'हॅलो सर, मी तज्ज्ञ आहे, १०० टक्के समाधान, लगेच सुरू करू का?' तिघांचं उत्तर शब्दशः हेच असतं. एकदा एका मुलीने लिहिलं: 'तुमच्या स्केचमध्ये खिडकीच्या भिंतीवरच्या तुकड्यांची बेरीज एकूण मापापेक्षा ३ इंच कमी भरते. एकूण माप धरू की तुकडे?' काम तिलाच गेलं, आणि तिची किंमत सगळ्यांत जास्त होती. ३ इंच चुकले तर आमचं कॅबिनेट भिंतीत बसत नाही. कॅबिनेट ऑर्डर देऊन बनवलेलं असतं, परत जात नाही.

दुसरी गोष्ट. इथली घरं लाकडी सांगाड्याची. आतली भिंत म्हणजे 'टू बाय फोर'चा स्टड, उभा लाकडी वासा. नावाला दोन बाय चार, प्रत्यक्षात दीड बाय साडेतीन इंच. दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा इंच ड्रायवॉल (जिप्समची फळी), झाली साडेचार इंच. खालची कॅबिनेट २४ इंच खोल, वर दगड बसला की ओटा ३६ इंच उंच. हे ज्याला माहीत आहे त्याला मला काही शिकवावं लागत नाही. शिकवून तयार झालेला माणूस मी सोडत नाही, कारण नव्याला पुन्हा शिकवायचा वेळ माझ्याकडे नाही. आमच्या कंपनीची टायटल ब्लॉक (ड्रॉइंगवरची नाव-तपशिलाची चौकट), लेयरची (फाइलमधल्या थरांची) नावं, शीटचा आकार त्या मुलीने स्वतःकडे जपून ठेवलंय. मी फक्त स्केच पाठवतो. तिच्यासाठी 'नियमित ऑर्डर' हीच, आणि ती सर्चमधून आलेली नाही.

तिसरं, दोन डॉलर कमी वगैरे आम्हाला दिसतही नाही. ४० आणि ४२ मध्ये काय पाहायचं? पण ५ डॉलर पाहिले की भीती वाटते.

चहाबाज

अवांतर: आपल्याकडची अर्ध्या विटेची भिंतही साडेचार इंचीच म्हणतात. म्हणजे विटेची आणि लाकडाची सोयरीक जमली की!

रेखांकिता

जर्सीकरदादा, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. ती ३ इंचांची भानगड माझ्याकडेही नेहमी होते. मी आपलं जे बरोबर वाटेल ते धरून काढते आणि खाली टीप लिहिते. आधी विचारलं तर गिऱ्हाईक म्हणेल हिला काही येत नाही, अशी भीती.

जर्सीकर

उलट आहे. प्रश्न विचारणाऱ्याने स्केच उघडून बघितलंय, इतकं तरी मला कळतं.

गोंयकार

म्हापशाहून. मी अपवर्क या दुसऱ्या फ्रीलान्स साइटवर आहे, डेटा आणि एक्सेल ऑटोमेशन. तिथला खेळ वेगळा. तिथे गिऱ्हाईक काम टाकतं आणि आपण अर्ज करायचा. अर्जाला 'कनेक्ट्स' लागतात, एक कनेक्ट १५ सेंटचं, आणि एका अर्जाला बरीच जातात. म्हणजे काम मिळायच्या आधी खिसा हलका. कमिशनही बदलत आलंय. पूर्वी त्या गिऱ्हाइकाशी जितका व्यवहार जास्त तितका दर कमी, २०, १०, ५ टक्के असं. २०२३ मध्ये सरसकट १० केलं. २०२५ पासून नव्या करारांना ० ते १५ मध्ये जे ठरेल ते.

एक गोष्ट नव्यांना कुणी सांगत नाही. काम संपल्यावर गिऱ्हाइकाला साइट गुपचूपही विचारते: या माणसाची शिफारस कराल का? ते उत्तर आपल्याला दिसत नाही, पण आपल्या यशाच्या टक्केवारीत धरलं जातं. चेहऱ्यावर पाच तारे आणि आत दोन, असं होऊ शकतं. म्हणून ज्याच्याशी बोलतानाच डोकं दुखायला लागतं त्याचं काम घेऊच नका. सुक्या महिन्यात हे फार जड जातं, पण घेऊ नका.

आणि ऋतू असतात, ताई. नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी त्यांचं थँक्सगिव्हिंग, तिथून नाताळ, नवं वर्ष. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत तिकडची ऑफिसं झोपलेली. तुमची दिवाळी आणि त्यांची सुट्टी पाठोपाठ येते, म्हणून तुम्हाला वाटतं दिवाळीपासून नजर लागली. ऑस्ट्रेलियाचं आर्थिक वर्ष ३० जूनला संपतं, त्यामुळे मे-जूनमध्ये बजेट संपवायला कामं निघतात. मी तेव्हा जुन्या ऑस्ट्रेलियन गिऱ्हाइकांना आवर्जून लिहितो.

बारा_डबा

पण मग ही जुनी गिऱ्हाइकं थेट ईमेलवर का घेत नाही? २० टक्के वाचतील ना. मी दोघांना घेतलंय.

सरळसोट

आणि इथे लिहूनही टाकलंस! अपवर्कच्या करारात साइटवर भेटलेल्या गिऱ्हाइकाशी २ वर्षं बाहेर व्यवहार करायचा नाही असं कलम आहे, करायचाच तर त्यांना मोबदला द्यावा लागतो. फायव्हरवर संदेशात ईमेल पत्ता टाकला तरी इशारा येतो. नियम आवडो न आवडो, सही आपण केलीय. शिवाय बाहेर पैसे बुडाले तर दाद कुणाकडे मागणार, ओहायोच्या पोलीस ठाण्यात?

बारा_डबा

एकाचे बुडालेत. दुसरा चांगला आहे.

चहाबाज

पन्नास टक्के बुडाले तर २० टक्के कमिशन स्वस्तच की रे.

रेखांकिता

एक विचारायचं राहिलं. परवा टेलिग्रामवर एकाने लिहिलं की तुमचं प्रोफाइल आम्हाला वापरायला द्या, काम आमचे लोक करतील, तुम्हाला महिन्याला ठरावीक पैसे. हे काय असतं?

सरळसोट

फसवणूक असते. तुमचं नाव, तुमचं आधार-पॅन, तुमचं बँक खातं, आणि काम करणारा कोण ते देवाला माहीत. उद्या त्याने कुणाला गंडवलं तर दार तुमचं ठोठावतील. ब्लॉक करा.

गोंयकार

+१. आणि 'आधी रजिस्ट्रेशन फी भरा, मग टायपिंगचं काम देतो' हे त्याचं मावसभावंड. काम देणारा कधी पैसे मागत नाही.

हिशेबनीस

पैशांचा विषय निघालाच आहे तर माझं दुकान लावतो. मी सांगलीत प्रॅक्टिस करतो. अशी मुलं-मुली मार्चमध्ये धावत येतात.

परदेशातून आलेल्या पैशांचा बँकेकडून किंवा पेओनियरकडून रेमिटन्सचा कागद दर वेळी घेऊन ठेवा. तो हातात असला की 'हे पैसे कसले' या प्रश्नाला उत्तर असतं. जीएसटीत सेवेची निर्यात झीरो-रेटेड, म्हणजे शून्य दराची, आहे. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर साधारणपणे नोंदणीची गरज पडत नाही, वर गेली की नोंदणी करून एलयूटी (हमीपत्र) भरायचं, म्हणजे निर्यातीवर कर न भरता बिल करता येतं. आयकरात, ठरावीक व्यवसायांसाठी निम्मी मिळकत नफा धरायची सोय आहे. सगळे तिला ४४एडीए म्हणून ओळखतात. मर्यादा ५० लाख, रोखीची जमा ५ टक्क्यांच्या आत असेल तर ७५ लाख. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा आहे, त्यात कलमांचे आकडे वेगळे, म्हणून जुना आकडा पाठ करून बसू नका. इंजिनिअरिंग त्या यादीत आहे, भाषांतर नावाने नाही. तुमचं काम कशात बसतं ते तुमच्या सीएला विचारा. आणि ही सोय घेतली तरी आगाऊ कर १५ मार्चपर्यंत भरायचा असतो. हे शंभरात नव्वद विसरतात.

आणखी एक, नियमिततेशी संबंधित. भरलेल्या महिन्यातले पैसे सुक्या महिन्यासाठी वेगळ्या खात्यात टाका आणि स्वतःला दर महिन्याला ठरावीक रक्कम द्या. ऑर्डरी हातात नसतात, पगार हातात असतो.

चहाबाज

हिशेबनीस, फी किती? ५ डॉलरमध्ये होईल का?

हिशेबनीस

होईल. उत्तर '४४एडीए बघा' एवढंच मिळेल.

पाटलांचा_बंड्या

सगळं खरं, पण मुख्य अडचण कुणी बोलेना. स्थळ बघायला गेलो की 'मुलगा काय करतो?' 'घरी असतो.' संपला विषय. आई आता सांगते, 'अमेरिकेच्या कंपनीत आहे, रात्रपाळी.'

मंद्रसप्तक

माझ्या सासूबाई शेजाऱ्यांना सांगतात, 'ती कपाटात बसून एकटीच बोलते.' खोटं नाही, रेकॉर्डिंग कपड्यांच्या कपाटातच करते, आवाज घुमत नाही.

अक्षरजुळारी

आणि महावितरण! डिलिव्हरीला वीस मिनिटं उरलीत आणि डीपीवर ठिणगी. इन्व्हर्टर, राउटरला वेगळा छोटा बॅकअप, मोबाइलचा हॉटस्पॉट. यावर केलेला खर्च मी धंद्याचाच धरतो.

वऱ्हाडी_ठेचा

लई फिरले तुम्ही लोकं. बाई काय विचारून राहिली आन् तुम्ही लग्नावर गेले.

रेखांकिता, मले एक सांग. आजपर्यंत तुझ्याकडे आलेल्या गिऱ्हाइकांतले परत किती आले? आन् जे नाही आले त्यायले तू कधी स्वतःहून काही लिहिलं का? मी अमरावतीचा, सोलार पॅनलच्या छपरांचे नकाशे करतो, तुह्याच लाइनीतला. माह्याकडे सर्चमधून येणारं काम पावसासारखं बेभरवशाचं. पण जुन्यायची यादी आहे, एक्सेलमध्ये. कोण, कायचं काम, कधी दिलं, त्यानं बोलता बोलता पुढचं काय म्हटलं होतं. दर दोन महिन्यांनी त्यातल्या काहींले लिहितो. 'काही काम आहे का सर' असं नाही लिहीत, ते भीक मागल्यासारखं होते. त्याच्या कामातलंच काही लिहितो.

रेखांकिता

ठेचाभाऊ, वरचे सगळे प्रतिसाद वाचून आजच ऑर्डरींची जुनी यादी काढून बसले. चार जण आपणहून पुन्हा आलेत. बाकीच्यांना मी एकदाही लिहिलेलं नाही. मला वाटायचं त्यांना हवं असेल तर ते येतील.

आणि अक्षरजुळारींनी सांगितलं तसं बघितलं तर गंमत आहे. निम्म्याच्या आसपास कामं एकाच प्रकारची. कॅलिफोर्नियातले लोक गॅरेजचं राहतं घर करतात, परसात छोटं वेगळं घर बांधतात, त्याचे जसं आहे तसं दाखवणारे प्लॅन. कॉन्ट्रॅक्टर मोजमाप करून स्केच पाठवतो. माझ्या गिगमध्ये मात्र 'टूडी, थ्रीडी, इंटिरियर, एलिव्हेशन, लँडस्केप' असं सगळं आहे.

जर्सीकर

तिकडे त्याला एडीयू म्हणतात. तोच शब्द गिगच्या शीर्षकात घाल, कारण कॉन्ट्रॅक्टर तोच टाइप करणार. पण एक सांभाळ: परवानगीच्या ड्रॉइंगवर काही ठिकाणी तिथल्या परवानाधारक आर्किटेक्ट किंवा इंजिनिअरचा शिक्का लागतो. आपण फक्त ड्राफ्टिंग करतो, शिक्का देत नाही, हे गिगमध्ये स्वच्छ लिही. नाहीतर काम झाल्यावर 'स्टॅम्प कुठाय' म्हणून रद्द करतील, आणि रद्द झालेली ऑर्डर तुला महागात पडते.

शिळोप्या

माझं मत बदललेलं नाही. पण जुन्या गिऱ्हाइकांची वही ठेवणं हे आमच्या वडिलांच्या किराणा दुकानातही होतं. त्याला विरोध नाही.

रेखांकिता

संदेशाचा मसुदा केलाय. इंग्रजीत पाठवणार, इथे मराठीत अर्थ देते: 'नमस्कार, मागच्या वर्षी तुमच्या गॅरेजचा प्लॅन मी केला होता. काम कसं झालं? तुमची फाइल, टायटल ब्लॉक आणि लेयर माझ्याकडे जपून ठेवलेत. आणखी काही काम असेल तर जरूर कळवा, सवलत देईन.'

सरळसोट

सवलत काढ. कुणी मागितलीय?

वऱ्हाडी_ठेचा

'काही काम असेल तर' बी काढ. त्याच्या जागी लिही: 'त्या वेळी तुम्ही मागच्या बाजूच्या दुसऱ्या युनिटचं बोलले होते, त्याची मोजमापं झाली का? स्केच पाठवलं तर दोन दिवसांत करून देते.' असं काही तो बोलला असंन तरच हां, मनचं नको घालू.

रेखांकिता

एक जण खरंच बोलला होता. शेजाऱ्याचं पण करायचंय म्हणून. चॅटमध्ये आहे.

गोंयकार

मग आधी त्यालाच पाठव. आणि सगळ्यांना एकाच दिवशी एकच मजकूर नको, साइट त्याला स्पॅम समजते. दिवसाला दोन-तीन, प्रत्येकाचं वेगळं. वेळ त्यांच्या मंगळवार-बुधवार सकाळची. कॅलिफोर्निया म्हणजे आपले रात्री साडेनऊ-दहा.

रेखांकिता

मुलगी साडेनऊला झोपते. जमेल. आजच मंगळवार आहे.

बारा_डबा

ताई, दोन डॉलर कमी करायचं मागे घेतो. ती एक्सेल यादी कुणी कॉलमसकट टाकेल का इथे? मलाही हवीय.

वऱ्हाडी_ठेचा

टाकतो रातच्याले. बुडवणाऱ्यायचा कॉलम तुह्यासाठी अलग करून देतो.